विहिरीतून कुणीच वर आलं नाही

मुरार, ग्वाल्हेर
रविवार सकाळ

प्रिय अश्लेषा,

शुक्रवारी दुपारी, एकाला दहा मिनिटं कमी असताना, विहिरीतून कुणीच वर आलं नाही आणि त्या क्षणी माझं सगळंच फिरलं. पत्र फाडणार असशील तर फाड, पण त्याआधी हे एक वाक्य पुन्हा वाच. कुणीच वर आलं नाही. ‘मोहोरगड’ मालिकेचा शेवटचा भाग मी आमच्या बाहेरच्या खोलीत आई आणि सोनलबरोबर बघत होतो. थोरली बहीण हरवलेल्या ताराला शोधत विहिरीवर येते, दोराला कंदील बांधून आत सोडते, आणि आत नुसता वाळलेला गाळ. ती घरी परतते तेव्हा कळतं, आठही भाग त्या घरात रोज एक ताट जास्त वाढलं जात होतं. मेलेली तारा घराबाहेर कधी गेलीच नव्हती. सोनल किंचाळली, आईनं तोंडावर पदर धरला, आणि मी भिंतीकडे बघत मनात एकच घोकत होतो: हे तर मी अश्लेषाला सांगितलंच नव्हतं.

मी तुला काय सांगितलं होतं ते तू विसरली नसशील. फेब्रुवारीत किला गेटमागच्या जुन्या विहिरीवर शूटिंग झालं तेव्हा तू तापानं घरी होतीस. दोर धरणाऱ्या चौघांत मी होतो. ताराचं काम करणारी नटी ओल्या केसांनी काठावर आली तेव्हा, खालून तिला आम्हीच ओढतोय हे माहीत असूनही, मला घाम फुटला. संध्याकाळी तडक लष्कर भागात तुमच्याकडे आलो. तू शाल पांघरून बसली होतीस. शामलाकाकू माझ्यापुढे थालीपीठ ठेवून आत गेल्या आणि मी तुला शेवट सांगून टाकला, की मेलेली तारा विहिरीतून वर येते. कुणालाही काही सांगणार नाही अशा कागदावर माझी सही होती, तरी सांगितला. तू खोकत खोकत हसलीस. ‘सरदार, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, भूत काय भिजणार?’ तुला तसं हसवायला मी असे दहा करार मोडले असते. तो प्रसंग त्यांनी आम्हा गावकऱ्यांना चकवायलाच घेतला होता, हे मला परवा कळलं. खरा शेवट नंतर मुंबईत, बंद सेटवर झाला.

आज मी सगळं खरं लिहायला बसलोय, म्हणून हेही लिहितो. तुझं कौतुक करताना मी आतून जळत होतो. तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘वाह कुंवरसाहेब, पुस्तकं सोडून आता भुतं पकडणार!’ त्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी टेम्पो ठरवत, घरमालकांच्या पाया पडत त्या युनिटमध्ये राबलो. मुंबईचे नट आपल्या ग्वाल्हेरी माणसांच्या तोंडी पुण्याची मराठी घालायला लागले, तेव्हा बोली शिकवायला तुझं नाव मीच सुचवलं. पहिल्याच दिवशी तू त्या मोठ्या नटाला सांगितलंस, ‘दादा, इतकं शुद्ध बोललात तर आमच्या बाड्यावरच्या बाजारातला भाजीवाला दाम दुप्पट लावेल.’ सगळं युनिट हसलं. आठवड्याभरात तुला विचारल्याशिवाय कुणी वाक्य बोलेना. मग प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या पद्मा मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या सीझनला हिला मुंबईला नेऊ, लेखकांबरोबर बसवू. माधवकाकांनी दोनदा चष्मा पुसला आणि ‘रोज फोन करायचा’ म्हणून हो म्हटलं. तू गॅलरीत येऊन माझा हात घट्ट धरलास. मी हसलो. मनात आलं, ही जाणार आणि मी इथेच टेम्पोवाल्यांशी भांडत राहणार. हे तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू दोन शिव्या घातल्या असत्यास आणि पुढचं काही झालंच नसतं.

मग तो सोमवार आला. शेवट इंटरनेटवर फुटला, कंपनीनं तासाभरात तो मजकूर काढायला लावला, आणि पद्मा मॅडमनी आम्हा सगळ्यांना बाड्यावरच्या हॉटेलात बोलावलं. कंपनीला ग्वाल्हेरच्याच कुणाचा तरी संशय आहे म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे लगेच अंशुल आला. तुझा तो शेजारी, सीरियलींवर तासन्‌तास बडबडणारा चॅनेलवाला. आदल्याच दिवशी त्यानं तुझ्याबरोबरचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘मोहोरगडची मोठी खबर लवकरच.’ बस, माझं डोकं सटकलं. फुटलेलं काय आहे ते मी वाचलंही नव्हतं. हॉटेलातून निघालो तो थेट तुमच्या घरी. काकांसमोर, काकूंसमोर जे बोललो ते पुन्हा लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. म्हणालो, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांनी माना कापून घेतल्या आणि तुमच्या लोकांनी बसून कागद रंगवले, वापरून घ्यायची सवयच आहे तुम्हाला. ज्या बाईनं मला चार वर्षं जेवू घातलं तिच्यासमोर. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, ‘देख समर, आधी वाच तरी काय फुटलंय ते.’ मी म्हटलं, मला वाचायची गरज नाही. मग तू आत निघून गेलीस आणि काकांनी मला फाटकापर्यंत सोडलं. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अंशुलची ती मोठी खबर आठवड्यानं आली. सात मिनिटांचा व्हिडिओ, त्यात तू आपल्या बोलीतले शब्द सांगतेस आणि तो मूर्खासारखा चुकीचे म्हणतो. शेवटाबद्दल चकार शब्द नाही. तेव्हाच मी तुझ्या दारात यायला हवं होतं. नाही आलो. स्वतःला सांगत राहिलो की व्हिडिओत नसलं म्हणून काय झालं, कानात सांगितलं असेल. माणूस एकदा चुकला की चूक टिकवायला किती मेहनत घेतो, यार.

आणि परवा शेवटी नावं आली. सोनल ओरडली, ‘दादा, तुझं नाव!’ आईनं टीव्ही थांबवून फोटो काढला, देवापुढे लाडू ठेवला. त्याच पडद्यावर चार ओळी वर ‘भाषा मार्गदर्शन : लेखन विभाग’ असं होतं. जिथे तू असायला हवी होतीस. आईनं लाडू माझ्या तोंडात कोंबला. गच्चीवर जाऊन पद्मा मॅडमना फोन लावला. म्हटलं, जे फुटलं त्यात विहीर होती की ताट? त्या म्हणाल्या, ‘ताट. एडिटिंगच्या खोलीतून गेलं होतं ते, आम्हाला चार दिवसांत कळलं.’ मी विचारलं, मग कामावरून काढलेल्या अश्लेषाला परत का नाही घेतलं? त्यांचा आवाज बदलला. ‘तूच लिहून दिलंस ना? वकिलांनी ते फाइलला लावलंय. ते तिथे असेपर्यंत तिला कुणी परत घेणार नाही.’

अश्लेषा, त्या कागदावर काय आहे ते तुला माहीत नाही. तुला वाटत असेल की मॅडमनी दरडावलं आणि मी कबूल केलं, तुला शेवट सांगितला म्हणून. कुणी दरडावलं नव्हतं. त्या सोमवारी हॉटेलात त्यांनी फक्त विचारलं, कुणावर शक आहे का. कागद मी मागितला. आणि मी लिहिलं, ‘अश्लेषाला शेवट माहीत होता, तिनं तो अंशुलला सांगितला, आणि हे तिनंच माझ्याकडे कबूल केलं.’ तू माझ्याकडे काहीच कबूल केलं नव्हतंस. तोवर आपण त्या दिवशी भेटलोही नव्हतो. तुला शेवट कुणी सांगितला, ते मी लिहिलंच नाही. म्हणून तुझं नाव गेलं आणि माझं राहिलं. पुढच्या सीझनचं कामही मला मिळालं, तुला तेही कुणी सांगितलं असेल. तू तिकडे बी.एड.चा फॉर्म भरतेयस असं ऐकलं आणि मी इथे लाडू खात होतो.

काल तीनदा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलो. फोनवर तू मला बंद केलंयस, बरोबरच आहे. पण तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही. टेम्पोच्या आवाजातही तुझं ‘सरदार’ ऐकू येतं, पागल व्हायची वेळ आलीय. माफ कर, असं दहा वेळा लिहिलं आणि दहाही वेळा खोडलं. माफी मागायचा हक्क आधी मिळवावा लागेल, आणि मिळेल असं मला वाटत नाही.

हे पत्र लिहिलं ते सोबतच्या कागदासाठी. त्यात मी माझ्या हातानं लिहिलंय की पहिला कागद खोटा होता, करार मी मोडला, तुला जो शेवट सांगितला तो फुटलेला नव्हताच, आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. खाली सही आणि तारीख आहे. असाच दुसरा कागद माझ्या खिशात आहे. पुढच्या सीझनच्या जागा बघायला आलेलं युनिट आज दुपारी एकला हॉटेल सोडतंय, त्याआधी तो पद्मा मॅडमच्या हातात द्यायचाय, सगळ्यांसमोर वाचून. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, मग माझं काम संपलं, इथेही आणि पुढेही. संपू दे. तुला परत घेतीलच अशी खात्री त्यांनी दिलेली नाही, म्हणून तुझी प्रत काकांना दाखव. ते हायकोर्टात रोज असले कागद बघतात. एखादी फट राहिली असेल तर सांग, पुन्हा लिहून देईन, म्हणतील तिथे उभा राहीन. हे पत्र जाताना तुमच्या फाटकाच्या पेटीत टाकेन, बेल वाजवणार नाही. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचतायत, कुठे निघालास म्हणून विचारतील. आज त्यांनाही खरं सांगेन. साडेअकरा झाले. सही करतो, चपला घालतो आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.

तू मान किंवा नको मानू, तुझाच,
समरजीत