तुझा निरोप दिला नाही

उज्जैन, १२ डिसेंबर

ती. लतिकाताईस,
यज्ञेशचा, दुखरा गुडघा वगळून, सप्तांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. ‘स्थळ चांगलं आहे, गाडी चालवणं सोड, ऑफिसात बदली माग’ हा तुझा निरोप मात्र तुझ्या लेकीला दिला नाही. कारण सांगतो.

रोह्याहून पनवेलपर्यंतची विजेची मेमू गाडी अनन्यानेच चालवली. मी केबिनलगतच्या डब्यात होतो. प्रत्येक सिग्नलला आतून तिचा खणखणीत आवाज येई, “हिरवा!”

पेणला चढलेल्या मावशी म्हणाल्या, “आत एकटीच हाय ना? मंग कोनावर वरडते गो ही?”

“कुणावर नाही. सिग्नल दिसला की मोठ्याने पुकारायचा, असा नियम आहे.”

“बरा हाय. आपन बिनघोर झोपायचा.” आणि त्या खरंच झोपल्या.

ताई, लहानपणी माझ्यापुढे संस्कृतची शब्दरूपं ओठांतल्या ओठांत पुटपुटणारी ती हीच ना? ‘मोठ्याने म्हण’ सांगताना घसा माझा बसला, यश रेल्वेला आलं!

पनवेलला तिने विचारलं, “मामा, ऐकू येत होतं?” मी म्हटलं, “विसर्गासकट.” हसली. पण वाळलीय, डबा वेळेवर खाते का, बघ. भाऊजींची साखर कशी आहे?

निरोप हवा तर तूच दे. आधी एकदा त्या डब्यात बसून ये.

निरोप्या म्हणून नापास झालेला तुझा भाऊ,
यज्ञेश