ताईचा तीळ

३ मार्च

सातव्या उंदराने आज पुन्हा लाज राखली! एमआरआयमध्ये मेंदूत तोच काळा ठिपका, पाच आठवडे झाले तरी जागचा हललेला नाही. मूळपेशी टोचण्याआधी आम्ही त्यांना लोखंडाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घालतो. मग त्या जिथे बसतात तिथे चित्रात काळं दिसतं. ठिपका आहे म्हणजे पेशी आहेत, पेशी आहेत म्हणजे परिषदेत टाळ्या आहेत. सर त्या चित्राकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते.

५ मार्च

ताईकडे गेले. अर्धांगाच्या झटक्यात तिचा डावा हात गेला, तेव्हापासून शिवणाचं मशीन झाकलेलंच आहे. जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तिलाही अशाच पेशी टोचल्या — ती तयार झाली माझ्या भरवशावर. तिच्या मेंदूतल्या ठिपक्याला ती "माझा तीळ" म्हणते. भावजींनी चित्र फ्रिजवर चिकटवलंय.

करंगळी हलते, म्हणाली. मी वाकून बघायला लागले, तर म्हणे आत्ता नाही, ती लाजते. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

९ मार्च

दिवसभर प्रबंध. डोकं उठलं.

१० मार्च

वाट लागली. सरळ लिहून टाकते.

तुलनेसाठी काही उंदरांना मुद्दाम मारलेल्या पेशी टोचायच्या होत्या. त्या नळीच्या झाकणावर मी "म" लिहिलं — म, मेलेल्या! आज टेक्निशियन काकांना सहज विचारलं, म नळी कुणाला दिली होती?

"मुख्य गटाला," काका म्हणाले. "म मुख्यचा ना?"

सातवा मुख्य गटातलाच, म्हणजे त्याला टोचल्या त्या सगळ्या मेलेल्या. आणि ठिपका हा एवढा काळाकुट्ट! पेशी कधीच संपल्या. शरीराच्या सफाईवाल्या पेशींनी त्यांचं लोखंड गिळलं आणि तिथेच ठाण मांडलं. पाच आठवडे आम्ही कचराकुंडीचे फोटो काढून एकमेकांची पाठ थोपटतोय.

११ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. नळीवर पूर्ण शब्द लिहायला हात दुखत होते का, म्हणाले. पण वरच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, काही झाकलं नाही. मला वाटायचं त्यापेक्षा माणूस बरा निघाला.

ताईला मी सांगेन, असं मोठ्या तोऱ्यात म्हणून बसले.

१४ मार्च

ताईकडे गेले. पडद्याची निघालेली दांडी बसवून दिली, चहा प्याले, परत आले. एक नंबरची भित्री भागूबाई!

१५ मार्च

सांगितलं. तीळ दिसतो म्हणून पेशी जिवंत असतीलच असं नाही — तोंडातल्या तोंडात, फ्रिजकडे बघत. ताई उजव्या हाताने डावा हात मांडीवर नीट ठेवत होती.

"करंगळी कधी हललीच नव्हती गं," ती म्हणाली. "तू एवढ्या हौसेने विचारायचीस."