नर्सबाईची खुर्ची

७ जानेवारी १९७५, मंगळवार

सगळ्यात आधी आबाच आले. कुलूप निघायच्या आत दारात हजर, बगलेत कालचा पेपर. मागून त्यांचे दोन दोस्त, तंबाखूच्या चंच्या घेऊन. आबा म्हंजे इथले पाटील. दवाखान्याची खोली त्यांचीच, आधी कडबा भरायचे. सरकारला देऊन टाकली, पण दिली हे त्यांच्या मनानं अजून घेतलं न्हाई. सरळ आत जाऊन टेबलामागच्या खुर्चीत बसले. खुर्ची एकच, नर्सबाईची. आन नर्सबाई म्हंजे आमची सुमन, ती भितीला टेकून उभी. आबा पेपर वाचून दाखवतात, दोस्त बाकड्यावर बसून हुं हुं करतात. जेवायच्या टायमाला, दवाखाना बंद करतानाच उठले.

चहा आमच्या हातचा घेत न्हाईत. खुर्ची घेतात.

मी आपली नातीच्या सोबतीला आलेली, बिनलग्नाची पोर परगावात एकटी कशी ठेवायची. पण सकाळी ती पांढरी साडी नेसून निघाली की मी भाकरी थापायची थांबते. आमच्या घरात टेबल कुणाला होतं.

९ जाने., गुरुवार

वांगी लई कवळी मिळाली. कूट घालून केली, सुमननं नीट खाल्लं न्हाई. कारण लिहिते.

डाक्टरसायब जीपनं आल्ते. आबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, जशी काही घरचीच. सायब म्हणले, "बाया का येत न्हाईत हो इथं? असंच चाललं तर दवाखाना पल्याडच्या गावाला नेतो. तुमची बी बदली करावी लागंल." सुमन नुसती हो सर, हो सर.

सायब गेल्यावर म्हणलं, "अगं, खरं कारण का न्हाई सांगितलं?"

"आजी, आबा तिथंच बसले होते ना."

खरं कारण असं, की जिथं सासरा बसलाय तिथं गावातली सून पाय टाकत न्हाई. आबा सख्खे, चुलत, मानलेले धरून अर्ध्या गावाचे सासरे. मंग बाया येणार कशा. दाराशी येतात, आतला खोकला ऐकतात, माघारी जातात. आन सुमननं आबांना उठवायचं म्हंजे... पाटलाला, आमच्या वस्तीतल्या पोरीनं. बदली झाली तर होऊ द्या म्हणते. मला न्हाई तसं वाटत. इथं आल्यापासून रात्री वही काढून शिकून राह्यलीय, कोणत्या बाईला काय द्यायचं. ते कुणासाठी मंग.

१२ जाने., रविवार

सुट्टी. तुरी सोलता सोलता तालीम केली. मी आबा झाले. टावेल डोक्याला बांधला, ज्वारीच्या डब्यावर पाय फाकून बसले. सुमन समोर.

"आबा, जरा..."

"काय गं पोरी?"

"काही न्हाई. बसा."

"बसा काय म्हणतीस, बसलोयच की मी."

हसून हसून तुरी सांडल्या. तिसऱ्या खेपेला बराबर बोलली, पण जमिनीकडं बघून. मी म्हणलं, सुमे, माझ्या डोळ्याकडं बघू नको, जड जाईल. कपाळाकडं बघ. आन एकदा सांगून झालं की गप. हसायचं न्हाई, पुन्हा सांगायचं न्हाई. मी बायांची टोळी घेऊन खुरपायला जायचे तवा मालकाला इतकंच म्हणायचे, सुट्टी झाली. मंग तोंड बंद, खुरपं कमरेला. ज्यानं दुसऱ्यांदा सांगितलं त्याचं काम वाढायचं.

"तुझ्यासारखं मला न्हाई यायचं," म्हणली. मला तरी कुठं येत होतं पहिल्यांदा. पाय लटलट करायचे, लुगड्यात दिसायचे न्हाईत इतकंच.

१३ जाने., सोमवार

आज सुमन आबांच्या आधी खुर्चीवर जाऊन बसली. मी दवाखान्याच्या ओट्यावरून बघून राह्यले. बरं वाटलं. मंग आबा दारात दिसले आन ही टुणकन उठली. उठली तर उठली, पदरानं खुर्ची पुसून दिली.

संध्याकाळी जरा रडली. "आजी, मी न्हाई उठले. पायच उठले."

मला ठाऊक हाये. कारण ओट्यावर मी बी उभी राह्यले होते. कधी उठले ते कळलंच न्हाई. हे सांगितल्यावर रडता रडता हसली. मंग दोघी हसलो. कढी छान झाल्ती, दोनदा घेतली तिनं.

१५ जाने., बुधवार

सकाळी दवाखान्याच्या मागल्या भितीला कुणीतरी खडा मारला. बघते तर आबांची धाकटी सून, कौशल्या. सातवा महिना. पायावर सूज, जोडवी रुतलेली. मागल्या साली तिचं पहिलं लेकरू गेलं, पोटातच. "मावशी, नर्सबाईला दाखवायचंय. पण मामंजी बसलेले असतात."

सुमन बाहेर आली. म्हणली, मी तुमच्या घरी येते तपासायला. कौशल्या खाली बघायला लागली. "घरात न्हाई घेणार तुम्हाला."

सुमननं वाकून तिच्या पायावरची सूज बोटानं दाबून बघितली. मंग कौशल्याच म्हणली, "मी उद्या दारासमोरच्या लिंबापर्यंत येते. पुढचं तुम्ही बघा."

सुमन आज तालीम नको म्हणली. कौशल्याच्या पायाचंच बोलत होती जेवताना.

१६ जाने., गुरुवार

भाकरी नंतर, आधी लिहिते.

आबा बसलेले, पेपर उघडलेला. कौशल्या लिंबाच्या आड, पदर हनुवटीपर्यंत. सुमननं तिच्याकडं बघितलं, मंग आत गेली. मी दाराशी.

"आबा, बायांना तपासायचा टाइम झालाय. तुम्ही बाहेर उन्हात बसा."

मोठ्यानं न्हाई. मीठ मागावं तशी. आन गप.

आबांनी पेपर खाली केला. "खोली कुणाची हाये पोरी?"

सुमननं उत्तर दिलं न्हाई. हसली बी न्हाई. खुर्चीच्या बाजूला उभी, हातात ते बीपीचं मशीन. किती येळ गेला सांगता येत न्हाई. शेवटी एका दोस्तालाच राहवलं न्हाई. "चला आबा, ऊन चांगलं पडलंय."

"मला ऊनच पायजे होतं," आबा म्हणले. "इथं गारठा लई." आन उठले.

मी पळत जाऊन बाज टाकली लिंबाच्या पल्याड. बसले. कौशल्या अल्याडून आत गेली. आबांनी बघितलं, कोण हाये ते कळलं. पेपर तोंडासमोर धरला, पान काही उलटलं न्हाई.

सुमन खुर्चीत बसली, न पुसता. "या, पुढच्या बाई," म्हणली. होती एकच बाई.

बीपी लई वाढलेलं निघालं. मीठ बंद केलं, गोळ्या दिल्या, जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. "घरच्यांना तुम्ही सांगाल का मी सांगू?" कौशल्या म्हणली, "तुम्हीच सांगा." सुमन बाजेपाशी गेली आन आबांना उभ्यानं सगळं सांगितलं. आबांनी मान हलवली. बैलगाडी उद्याच जुंपतो म्हणले.

१८ जाने., शनिवार

बाया आल्या. कालपासून येऊन राह्यल्यात. एकीला काहीच झालेलं न्हाई, नुसती बघायला आल्ती.

कौशल्या जालन्याहून आली. दवाखान्यात म्हणले, बरं झालं लवकर आणलं, अजून जपायला पायजे. तिच्या सासूनं, म्हंजे आबांच्या मंडळीनं, स्वतः हुरडा आणून दिला. मी चहा ठेवला. घेतला न्हाई. पण उठताना म्हणली, "वास चांगला सुटलाय." उठायला वेळ लई लावला तिनं.

आबा बाजेवरच असतात आता. मला वाटलं झालं. तर सायबाचा निरोप आला, परवा येतो, दवाखाना ठेवायचा का हलवायचा ते ठरवायला. आबांनी बाजेवरूनच सुमनला सांगितलं, "सायब आल्यावर मी आत बसतो. खोली माझी, बोलायला गावाचं माणूस पायजे."

"बसा ना आबा, बाकड्यावर. सायबाशी मी बोलन."

"बघू," म्हणले. पेपर घडी करून निघाले, पुन्हा वळले. "येतो सोमवारी."

सायब बी सोमवारीच. जाताना बाया बी म्हणल्या, सोमवारी येतो, सगळ्याजणी.