सहा पोरं आणि एक कोट

वडगाव, ता. ९ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. कल्याणीआक्कास,

उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. निपाणीत तंबाखूचा हंगाम आला की तुझा खोकला उठतो. उठला असेल तर अडुळसा घे, नसेल तर मी आठवण काढली नाही असं समज. मी धडधाकट आहे, अब्रू तेवढी जरा अशक्त झाली आहे.

त्याचं असं झालं. शाळाखात्याच्या एका साहेबांनी सांगितलं, की विणकरांची मुलं दिवसभर कशी राबतात त्याचे फोटो आणा, म्हणजे त्यांच्या गल्लीत दुपारची शाळा मंजूर करतो. माझ्याकडे फोटोच्या सात काचा, एका काचेवर एकच फोटो. आणि मी शहाणा (तू मला म्हणतेस तो खरा शब्द इथं लिहीत नाही) आदल्या दिवशीच गल्लीत सांगून आलो, की उद्या पोरांचे फोटो काढणार! सकाळी जातो तर काय, गल्लीत लग्नघर! डोक्यांवरून तेल निथळतंय, तोंडाला पावडर (ती सुताला लावायची खळ होती, हे मागाहून कळलं), माग चादरींनी झाकलेले. मष्णू विणकरानं लग्नातला जरीचा कोट काढलेला. एकाचा फोटो झाला की कोट दुसऱ्याच्या अंगात. कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली जग उलटं दिसतं गं, माझ्या काही ध्यानात आलं नाही. साहेबांनी सहा फोटो ओळीनं मांडले आणि म्हणाले, एवढ्या श्रीमंत पोरांना आमची शाळा कशाला?

मग एक दिवस न सांगता गेलो. सात वर्षांची नागू रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. बोटाला चिंधी, परकराला गाठी. उरलेली काच तिच्यावर घातली. फोटो असा उतरला, की मलाच बघवेना. तो तिच्या आईला, मालुबाईला, दाखवायला नेला, तर ती आडवीच आली. "न्हाय जायचा ह्यो. तुमचा ल्हानपणचा फोटू असा फाटक्यात हाय काय, मास्तर?" मी फोटो परत पाकिटात घातला. मग तीच म्हणाली, "आदी एक चांगला काडा. त्यो घरात ऱ्हाऊ दे. मग ह्यो कुटंबी न्या." साहेब सोमवारी निघणार आहेत.

भावजींना नमस्कार, वसुधेला पापा.

तुझा धाकटा,
उपेंद्र

ता. क. काच मी आणतो. वसुधेचा हिरवा परकर शनिवारच्या मोटारीनं पाठव. (परत येईल असं वाटत नाही.)

आणखी एक. आपला लहानपणचा फोटो तुझ्याकडे आहे ना? त्यातला चांदीच्या बटणांचा कोट माझाच, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. काल आठवलं, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या खाली उतरल्या आहेत. आणि आई तेव्हा वखारीत तंबाखू निवडायला जायची. आक्का, तो कोट कुणाचा होता गं?