पुढच्या चाकाचा टायर

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, की अजून तूच वर-खाली करतेस? दुकानात गणवेशांची गर्दी सुरू झाली असेल, म्हणजे तू वेळेवर जेवत नसणार. मी लांबून रागावलो असं समज.

फोन हाताशी असताना याला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर तू माझा आवाज पकडतेस. मी 'हॅलो' म्हटलं की तिकडून 'काय झालं?' येतं. कागदावर जरा सावरून बसता येतं, म्हणून.

काही झालेलं नाही. भिंगरी छान आहे. खाते, झोपते आणि उरलेल्या वेळात मामाच्या डोक्यावर मिऱ्या वाटते. तुझी लेक शोभते अगदी. ती व्हिडिओ का लावत नव्हती म्हणून तू मागेही विचारलंस आणि परवाही. तर इथे भिंती जाड आहेत, चित्र मध्येच अडकतं. असो.

रविवारी दुपारी तिची शर्यत आहे आणि मी तिच्या पुढच्या चाकाला टायर चढवतोय. तू नेहमी म्हणतेस, एका टायरपायी तुझे दिवसच्या दिवस जातात तरी कसे? तर एकदा ऐकूनच घे.

आमचा ट्रॅक हॉलच्या आत, लाकडी पट्ट्यांचा. वळणावर तो भिंतीसारखा उभा चढतो आणि पोरी त्या भिंतीवरून सायकल काढतात. सायकलला ब्रेक नसतो. तू एकदाच आली होतीस आणि अर्धा वेळ डोळे मिटून बसली होतीस, तेव्हा बाकीचं सांगत नाही. या सायकलींच्या टायरमध्ये ट्यूब आतच शिवून टाकलेली असते. शिवणीवर कापडी पट्टी असते आणि ती पट्टी गोंदाने रिमला चिकटवायची. हवा भरली की टायर आवळून बसतो खरा, पण वळणावर त्याला धरून ठेवतो तो गोंद. दुसरं काही नाही.

लहानपणी तुझं बोट सोडत नव्हतो म्हणून तू मला डिंक्या म्हणायचीस. पोटापाण्याला शेवटी तेच काम मिळालं बघ.

टायर निवडण्यावरूनच आमची जुंपली. तिला रेशमी धाग्याचा हवा. तो इतका पातळ असतो की बाहेर रस्त्यावर बारीकसा खडा लागला तरी कामातून गेला. कपाटापासून ट्रॅकपर्यंतसुद्धा मी चाक पिशवीत घालून नेतो. पण लाकडावर तो असा पळतो की नुसता आवाज ऐकत राहावं. मी तिच्यासमोर जाड सुती टायर ठेवला. म्हटलं, हाच घे, दणकट आहे.

तिने तो दोन बोटांनी उचलला. "मामा, हा घालून भाजी आणायला जाऊ का?"

"जाड आहे. जिवाला बरा."

"सुटायचा असला की जाडसुद्धा सुटतो. जाडीचा आणि गोंदाचा काही संबंध नाही, असं तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं खरं. रेशमी काढला.

आधी तो कोरडाच एका जुन्या रिमवर चढवून, हवा भरून ठेवायचा, म्हणजे ताणला जातो. मग चाकाची रिम स्पिरिटने पुसायची. गोंदाचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. टायरच्या पट्टीलाही एक. शेवटचा थर ओलसर असतानाच चाक उभं धरायचं, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही हातांनी टायर खाली ताणत न्यायचा आणि उरलेला तुकडा अंगठ्यांनी रिमवर ढकलायचा. चाक फिरवून तो सरळ बसलाय का बघायचं, हवा भरायची आणि मग हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हे शेवटचं.

आज पुन्हा पहिला थर दिलाय.

'पुन्हा' लिहून गेलो. आता खोडत नाही. हल्ली घराला कुलूप लावलं की अर्ध्या जिन्यातून परत फिरतो आणि ओढून बघतो. गॅस बंद केला की नाही ते बघायला कामावरून घरी येतो. वय झालं, दुसरं काय. बाकीचं उद्या लिहितो.

शनिवार

ताई, काल भिंगरीने तुला फोन केला, म्हणजे ती जानेवारीत पडली होती हे तुला कळलं. भिंती जाड नाहीत हेही कळलं असेल. तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून व्हिडिओ लागत नव्हता. गळ्याजवळचं हाड तडकलं होतं ते आता जुळलंय, डॉक्टरांनी सायकलवर बसायची परवानगी दिलीय. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं, आणि मलाही ते सोयीचंच होतं. ती का पडली, ते मात्र तिने तुला सांगितलं नसणार. ते मी सांगतो.

सरावात तिच्या पुढे एक उंच मुलगी होती. वळणावर त्या मुलीच्या पुढच्या चाकाचा टायर रिमवरून सुटला. मी आतल्या बाजूला कठड्याशी उभा होतो. आधी काहीतरी फाटल्याचा आवाज आला, मग लाकडावर माणूस आपटल्याचा. भिंगरी मागून येत होती आणि थांबवायला ब्रेक नाही. ती त्या मुलीवरून उडाली. उंच मुलगी अजून कुबड्या घेऊन चालते.

तो टायर मास्तरांनी लावला होता. ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते मास्तर. त्या सकाळी त्यांनी हवा सोडून अंगठ्याने टायरची कड ढकलून पाहिली होती आणि ती जराही उचलली नव्हती. मी शेजारीच उभा होतो. नंतर मी त्यांना विचारलं, कुठे चुकलं? ते ती रिम मांडीवर घेऊन बसले होते.

"चूक सापडली असती तर बरं झालं असतं रे," म्हणाले. "सगळं नेहमीसारखंच केलं होतं."

त्या दिवसापासून माझा माझ्या अंगठ्यावर भरवसा राहिला नाही. गोंदाने नक्की धरलंय का, हे पक्कं कळायचा एकच मार्ग आहे. टायर उखडून बघायचा. पट्टी फाटून रिमलाच चिकटून राहिली तर तो चांगला लागला होता. आणि चांगला लागला होता हे कळेपर्यंत तो फेकून द्यायच्या लायकीचा झालेला असतो.

मी असे तीन उखडले. दुपारी वर्कशॉपमधले सगळे जेवायला गेले की दार लोटून घ्यायचो. तिन्ही चांगले लागले होते. दर वेळी वाटायचं, चला, आता जिवाला लागलेला घोर गेला. नवीन टायर चढवला की तो परत हजर. मागच्या चाकाला मी बोटही लावलं नाही, कारण त्या मुलीचा सुटला तो पुढचा होता. हसू नकोस. भिंगरीला मात्र सांगत राहिलो, गोंद अजून ओला आहे, घाई करू नकोस. एक सरावाची शर्यत त्यापायी बुडाली तिची.

काल ती वर्कशॉपमध्ये लवकर आली आणि तिला कचऱ्याच्या डब्यात टायर दिसले. तिने एकेक काढून उलटा करून पाहिला. कशालाच पट्टी नव्हती. तिला सांगायला काही उरलंच नाही.

"मामा, हे चांगले लागले होते."

"हो."

"मग?"

"बघत होतो."

ती स्टूल ओढून समोर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "आई सदरा शिवते, शिवण एकदा ओढून बघते आणि गिऱ्हाइकाच्या हातात देते," ती म्हणाली. "उसवून बघते का कधी?"

मी तिने काढलेले टायर परत डब्यात टाकू लागलो.

"मलाही भीती वाटते, मामा. त्या वळणावर आलं की तो फाटल्याचा आवाज आठवतो. तेव्हा मी मनात म्हणते, टायर मामाने लावलाय. एवढंच म्हणते आणि पुढे जाते. आता काय म्हणू, सांग."

 ताई, तुला याचं उत्तर सुचलं असतं.

कपाटात रेशमी टायर एकच उरला होता, गुरुवारी थर दिला होता तो याच्यासाठीच. तिने तो स्वतः माझ्यापुढे ठेवला.  गोंदाची डबी दोनदा उघडली आणि बंद केली. शेवटी तिने चाक उभं धरलं आणि मी टायर चढवला. हवा भरून झाली तशी तिने चाक पिशवीत घातलं, घरी नेलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं आणि आतून कडी लावली. दारामागून म्हणाली, "पडल्याचं मी सांगते आईला. उखडल्याचं तू लिही."

मग तिने तुला फोन लावला. मी दाराला कान लावून उभा होतो, खोटं कशाला बोलू. बराच वेळ ती नुसतं हं, हं करत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, ताई काय म्हणाली?

"म्हणाली, टायर कोण लावतं? मी म्हटलं, मामा. म्हणाली, मग जा."

असं का म्हणालीस गं? तू नाही म्हणाली असतीस तर मी सुटलो असतो. मी त्याचीच वाट बघत दाराशी उभा होतो. ज्याच्या भरवशावर तू पोरीला जा म्हणालीस, त्याच्या हातांची ही अवस्था आहे हे तुला माहीत नव्हतं. ते तुला माहीत असायला हवं, म्हणून हे सगळं लिहिलं.

आत्ता फोन करूनही सांगता आलं असतं. नंबर लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. आत्ता सांगितलं असतं तर ते तुझ्या तोंडून नकार काढून घेण्यासाठी सांगितलं असतं. टायर चांगला लागलाय, ताई. डोक्याला पटत नाही, पण हातांना माहीत आहे.

रविवार

हॉलमध्ये, अवजारांच्या पेटीवर बसून लिहितोय. भिंगरीच्या आधी अजून दोन शर्यती आहेत.

चाक तिने स्वतः आणलं. हवा सोडून कड ढकलून बघणं तिने मला एकदाच करू दिलं. उचलली नाही. मग मी हवा भरली, चाक सायकलला बसवलं आणि नट आवळले. परत एकदा आवळले, ते तिने चालवून घेतलं. ओल्या फडक्याने तिने टायर पुसला. तेवढ्यात माझा अंगठा आपोआप पुन्हा कडेवर गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात काढून घेतला.

मास्तरही आलेत, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून बसलेत.  

हे पत्र शर्यतीआधीच दाराबाहेरच्या टपालपेटीत टाकतोय. नंतर लिहिलं तर निकाल बघून लिहीन. ती नीट खाली उतरली तर हे सगळं हसण्यावारी नेईन, आणि नाही उतरली तर मला लिहिता येणार नाही. तुला हे मिळेल तेव्हा पुढचं सगळं कळलेलं असेल. मला आत्ता एवढंच माहीत आहे की टायर मी लावलाय, मनापासून लावलाय, आणि मला फार भीती वाटतेय.

तू डोळे मिटून बसली होतीस ना, मी उघडे ठेवणार आहे. तुझ्या वाट्याचंही बघून घेतो. पत्र टाकलं की दोन्ही हात खिशात घालीन आणि ती खाली उतरेपर्यंत बाहेर काढणार नाही.

आज धरायला तुझं बोट हवं होतं असं वाटणारा,
तुझा डिंक्या