बुधवारी चार वाजता

३ नोव्हेंबर, सोमवार
झालं! लेकीने होकार दिला. दर बुधवारी चार वाजता भिंगरीला शाळेतून आणायचं — मी, एकट्याने! अट एकच. ती तिने भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता सांगितली. "बाबा, एक थेंबही नाही. एकदा जरी घेतलीत, तरी नात विसरायची." जीभ आहे की कात्री! पण तिचं चुकलं कुठे? घरी येऊन बाटली मोरीत ओतली. खोलीभर वास. खिडकी मात्र उघडली नाही मी.

५ नोव्हेंबर, बुधवार
आणली! एवढीशी पोर, पण बोट धरून काय ओढते! घरी पोचवल्यावर लेकीने चहा दिला. निघताना म्हणाली, "बरे दिसताय हं." काळीज सुपाएवढं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार
हात थरथरतात. सुईत दोरा ओवण्यात अर्धी सकाळ गेली. दुपारी डोळा लागला की सगळं पाण्याखालून दिसतं — मऊ, हिरवट, आवाज नसलेलं. उठावंसं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आणली. समोरचे दोन दात पडलेत, तरी रस्ताभर टकळी चालू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लायब्ररीची फाटकी पुस्तकं बांधतोय. चाळीस वर्षं हेच. आज एका जाडजूड प्रवासवर्णनातली मधली चार पानं गायब! आमच्या उस्तादांचा नियम होता — गेलेल्या पानाच्या जागी कोरा कागद शिवायचा, बस्स. "वाचणाऱ्याला कळू दे, इथे काहीतरी होतं." आपल्या मनचं एक अक्षरही घालायचं नाही. तसेच चार कोरे कागद घेतले, पण टाका काही नीट पडेना. म्हणून नवी बाटली आणून एकच घोट घेतला. औषधापुरता. हात कसे शहाण्या मुलांसारखे गप्प बसले! मग खिडकीतल्या उन्हाकडे बघत राहिलो. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ग्रंथपाल बाई भडकल्या. "काका, हे काय लिहून ठेवलंय?" बघतो तर चारही कोरी पानं मजकुराने गच्च भरलेली! नदी, धुकं, होडी, एक अबोल नावाडी. मजकूर सुरेख. अक्षर माझं. कधी लिहिलं? आईशपथ, आठवत नाही! बाई म्हणाल्या, "अहो, वाचणारा हे खरं मानून चालेल ना!" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन दाराला कडी घातली. पुन्हा थोडी घेतली. बुधवारी नाही घेणार. बुधवारची गोष्ट वेगळी.

१९ नोव्हेंबर, बुधवार
काय दिवस होता आजचा!

शाळा सुटली ती सरळ घरी न जाता आम्ही तळ्यावर गेलो. कलतं ऊन, आणि पाणी असं की कुणी नुकतीच इस्त्री फिरवलीय. पायऱ्यांवर बसलो. तिने बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडले. गार लागलं म्हणून किंचाळली, मग हसत सुटली. बदकं आली. एक लंगडं होतं, त्यालाच तिने अख्खा बिस्किटाचा पुडा चारला. बाकीची रागावून निघून गेली! माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "उद्या पण येऊ या, बाबा?" आजोबा म्हणायचं सोडून बाबा म्हणते, लबाड! मी काही दुरुस्त केलं नाही. येऊ की, म्हटलं, रोज येऊ. इतकं सुख झालं की रडूच फुटलं. तिने फ्रॉकच्या टोकाने माझे डोळे पुसले. परत कसे आलो ते नाही आठवत. तरंगतच आलो असणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
लेक फोन उचलत नाही. कामात असेल. कालचं पान तीनदा वाचलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
लेक आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणते, परवा मी शाळेत गेलोच नाही. भिंगरी साडेसहापर्यंत फाटकाशी उभी होती, शेवटी शाळेतल्या मावशींनी फोन केला. "खोटं!" मी ओरडलो, आणि ही वहीच तिच्या हातात कोंबली.

तिने उभ्याउभ्या वाचलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ते तळं बुजवून पंधरा वर्षं झाली," म्हणाली. "तिथे तुम्ही मला नेणार होतात. शाळा सुटली की मी वाट बघत बसायची."

मला तिचे ओले पाय अजून दिसतायत.