साडेपाचचा निर्णय

४ सप्टेंबर
आजपासून प्रभारी मुख्याध्यापक. वादळात शाळा बंद ठेवायची की नाही, हे आता मी ठरवणार. पहाटे साडेपाचला निर्णय, सहाला पालकांना मेसेज, सव्वासहाला बस सुटते. बस पलीकडच्या वस्तीतून पुलावरून येते. चौतीस पोरं. छातीत धडधडलं, पण ती जबाबदारीची धडधड. संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरने विचारलं, उद्या बस काढायची ना सर? काढा, म्हटलं. आवाज छान लागला.

९ सप्टेंबर
वादळाचा इशारा. चारपासून खिडकीत. सुट्टी जाहीर केली. आठ वाजता लख्ख ऊन. बायकोने विचारलं, कपडे वाळत घालू, की त्यांनाही सुट्टी? मी असलं मनावर घेत नाही. दुपारी दोनदा घेतलं.

१० सप्टेंबर
पोरं मला ऊनसर म्हणतात. निश्चय: इशाऱ्यावर विश्वास बंद, शास्त्रीय पद्धत सुरू. टेकडीवरच्या शाळेच्या बाई वीस वर्षं हे काम करतायत. त्यांनी बंद ठेवली तर आपण बंद. याला नक्कल नाही, समन्वय म्हणतात.

१७ सप्टेंबर, पहाटे ५.३०
वारा पिसाळलाय. पत्रे धाडधाड वाजतायत. बाईंना फोन. एंगेज.

५.४०
एंगेज. बाई निर्णय कळवत असणार. पण कुठला?

५.५५
एंगेज. बायको म्हणते, स्वतःच ठरवा की! तिला प्रशासनातलं कळत नाही.

६.०५
बंद ठेवली आणि परत ऊन पडलं तर? तोंड कुठे दाखवू?

६.१२
ठरलं. बंद! मेसेज लिहिला. रेंज गेली. ड्रायव्हरलाही फोन लागेना.

७.०५, ऑफिस
धावत आलो. छत्री वाटेतच उलटी झाली. वरच्या मजल्यावरून पूल दिसतो. आज पाण्यावर नुसते कठडे दिसतायत. बस सातला येते.

७.२०
नाही आली.

७.३५
हजेरीपट काढला. नावं वाचवेनात. पहिलीतली एक मुलगी रोज मला हलणारा दात दाखवते. काल म्हटलं, नंतर दाखव. देवा, जन्मभर ऊनसर म्हणू देत. बस येऊ दे. नाही, नको, पुलावर नको येऊ दे.

७.५०
शिपाईमामा म्हणाले, सर, बसा, हजेरीपट उलटा धरलाय. मुद्दाम, म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

८.४०
ड्रायव्हर आला! चालत, टेकडीला वळसा घालून, चिखलाने माखलेला. मी मिठीच मारली आणि लगेच ओरडलो, बस कुठंय? माझ्या घराच्या दारात, म्हणाला, काढलीच नाही. पोरं आपापल्या घरी. पुलाच्या खांबावर त्याने लाल खूण केलीय. पाणी खुणेला लागलं की बस जागेवर. सव्वासहाला हॉर्न ऐकू आला नाही की आया पोरांना परत पांघरूण घालतात. बारा वर्षं हेच चाललंय. बस अडकली असं वाटून सर घाबरतील, तेवढ्यासाठी तो आला होता. मी घाबरलो नव्हतो, असं सांगितलं. सांगताना रडत होतो.

मग रोज मला कशाला विचारतोस, म्हटलं. खाली बघून म्हणाला, आधीच्या सरांनाही विचारलं की बरं वाटायचं.

सायंकाळी ६
रेंज आली. सकाळचा मेसेज आपोआप सगळ्यांना गेला: आज शाळा बंद. पाठोपाठ बाईंचा फोन. पहाटेपासून तुम्हाला लावतेय, सारखा एंगेज! तुम्ही बंद ठेवली की आम्ही ठेवायची, असं आम्ही यंदा ठरवलंय, म्हणाल्या. तुमची पद्धत फार शास्त्रीय आहे म्हणे.

१९ सप्टेंबर
पाणी ओसरलं. बस आली. चौतीस. दोनदा मोजली. दात पडला होता, ती जागा नीट बघितली.

संध्याकाळी ड्रायव्हरने विचारलं, उद्या बस काढायची ना सर? तुला काय वाटतं, म्हटलं. काढू, म्हणाला.

मग काढ, असा मी आदेश दिला. आवाज जरा चिरकला.